भिंत चढून येणारे

"आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय? ज्याच्या मनात पाप, त्याने भ्यावे!" मोबाइलमधल्या हेरगिरीचा विषय निघाला की मोहल्ल्याच्या नाक्यावर, मशिदीच्या पायरीवर, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा हेच वाक्य ऐकू येते. ऐकायला ते शहाणपणाचे वाटते. आमच्या मते ते लाचारीचे आहे आणि दीनच्याही विरुद्ध आहे.

आधी हे हत्यार काय आहे ते पाहू. इस्राएलच्या एनएसओ ग्रुप या कंपनीचे 'पेगासस' फोनमध्ये शिरले की संदेश वाचते, फोटो उचलते, माइक आणि कॅमेरा गुपचूप चालू करते. कंपनी म्हणते, आम्ही ते फक्त सरकारांना विकतो. 2019 साली व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधून सुमारे 1,400 फोनांवर त्याचा हल्ला झाला. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. तेव्हा ज्यांना सावध करण्यात आले, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे विचारवंत आनंद तेलतुंबडे होते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमली. 2022 मध्ये तिचा अहवाल आला. तपासलेल्या 29 फोनांपैकी 5 फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगाससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे खुद्द सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. लपवण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मग कोणाला विचारायला हवा?

यावर आपल्यातले काही लगेच म्हणतील, "हे सगळे आपल्याच कौमविरुद्ध चालले आहे." त्यांनी अहमद मन्सूर यांची हकीकत वाचावी. ते संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्कांचे कार्यकर्ते. ऑगस्ट 2016 मध्ये त्यांच्या फोनवर एक लिंक आली. तुरुंगातल्या छळाची गुपिते कळतील, असे तिच्यासोबत लिहिले होते. मन्सूर यांनी ती उघडली नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवली. त्यातून पेगासस उघडे पडले, अ‍ॅपलने तातडीने दुरुस्ती काढली आणि जगभरातल्या आयफोनधारकांचे रक्षण झाले. त्यांना स्वतःला मात्र 2017 मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा. कलमा पढणारे राज्यकर्तेही आपल्या माणसांवर पाळत ठेवतात. तेव्हा हा प्रश्न हिंदू-मुसलमानांचा नाही. सत्ता आणि माणूस यांचा आहे.

आणि सत्ता फक्त दिल्लीत नसते. ती घरातही असते. आमच्या एका पालकसभेत एका वडिलांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "मुलीच्या फोनमध्ये ॲप टाकले आहे. तिला पत्ताही नाही." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ॲपचे नाव विचारून घेतले! बायकोच्या फोनमध्ये असे ॲप टाकणारे नवरेही आहेत. पेगासस अतिशय महाग, हे स्वस्त. फरक किमतीचा. वृत्ती एकच.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी, तजस्सुस आणि गीबत या तिन्हींना एकाच आयतीत मनाई आहे. तजस्सुस म्हणजे दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी हुडकत फिरणे. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. घरधन्याने खलिफांनाच सुनावले, की माझा गुन्हा एक, तुमचे तीन: तुम्ही हेरगिरी केली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता, सलाम न करता शिरलात. खलिफांनी चूक मान्य केली. ही रिवायत वाजमध्ये ऐकून डोलणारे आम्ही, घरी येऊन मुलीच्या फोनची भिंत चढतो! लहान मुलांवर लक्ष ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. नियम घाला, पण समोर बसवून, सांगून घाला. चोरून पाळत ठेवली की मूल सुधारत नाही, फक्त लपवायला शिकते.

देशाचा कायदाही हेच सांगतो. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा 2013 पासून गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. नवरा म्हणून त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही.

मग करावे काय? फोन फेकून देणे हा उपाय नव्हे. फोनचे अपडेट लांबणीवर टाकू नये. अनोळखी लिंक उघडू नये, दुकानाबाहेरचे ॲप घेऊ नये. म्हणजे प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर सोडून कुठूनही नाही. पासवर्ड कोणालाही सांगू नये. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी आयफोनमधला लॉकडाउन मोड चालू करावा. घरातल्याच कोणी ॲप टाकल्याचा संशय आला आणि मारहाणीची भीती असली, तर बहिणींनी ते घाईने काढू नये. समोरच्याला कळते आणि पुरावाही जातो. आधी दुसऱ्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी, मग वकिलाशी किंवा पोलिसांशी बोलावे.

एवढ्याने पेगासस मात्र थांबणार नाही. त्याला कायदाच हवा. आज आपल्याकडे पाळतीचा हुकूम गृहसचिव देतात आणि त्याची तपासणीही अधिकाऱ्यांचीच समिती करते. न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय कोणाच्याही फोनमध्ये शिरता येऊ नये, ही मागणी आपण सर्वांसोबत उभे राहून केली पाहिजे.

पण ती करायला निघण्यापूर्वी प्रत्येकाने आधी घरी जावे, मुलीच्या फोनमधले ते ॲप तिच्यासमोर काढावे आणि तिची माफी मागावी. खलिफांना चूक मान्य करताना लाज वाटली नाही. आपल्याला का वाटावी?