लेकराचा सातबारा

विभक्त झालेल्या नवरा-बायकोच्या भांडणात मराठी माणूस मुलाविषयी जो शब्द वापरतो तो आहे 'ताबा'. वर्तमानपत्रे हाच शब्द छापतात, वकील हाच बोलतात, कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या गाड्यावर हाच ऐकू येतो. कायद्याच्या भाषांतरांत 'अभिरक्षा' असा एक सोवळ्यातला शब्द सापडतो, पण तो कोणाच्या तोंडी बसला नाही. न बसण्याचे कारण मला भाषेच्या अडाणीपणात दिसत नाही, उलट तिच्या प्रामाणिकपणात दिसते. अभिरक्षेत रक्षण आहे, ताब्यात मालकी आहे. शेताचा ताबा, घराचा ताबा, जप्त झालेल्या ट्रॅक्टरचा ताबा, आणि त्याच पंगतीत चार वर्षांच्या लेकराचा ताबा. आपण मुलाकडे ज्या नजरेने पाहतो ती भाषेने निमूटपणे नोंदवून ठेवली आहे.

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातले बाजाराचे गाव. या पट्ट्यात मोडलेल्या संसाराचे बरेचसे तंटे कोर्टाची पायरी चढतच नाहीत. दोन्हीकडचे चार जाणते बसतात, भांड्या-दागिन्यांची यादी होते, लग्नातल्या खर्चावरून आवाज चढतात, आणि यादीच्या अखेरीस मुलांचा विषय निघतो. निकाल बहुधा ठरलेला असतो: मुलगा आमचा, मुलगी तुमची. पाठीला पाठ लावून आलेली भावंडे अशी एका दुपारी वाटली जातात आणि याला 'समजुतीने मिटले' असे म्हणतात. मुलगी आईकडे का, तर आईची माया थोर म्हणून, असे कोणी समजू नये. तिच्या लग्नाचा खर्च परस्पर टळतो म्हणून. बापाचे काळीज लेकरासाठी तुटते, असे जे आता शहरांतून मोर्चे काढून सांगितले जात आहे, ते मला मुळीच खोटे वाटत नाही. परंतु ते काळीज मुलीसाठीही तितकेच तुटते काय, हा प्रश्न त्या मोर्च्यांना कोणीतरी विचारला पाहिजे.

'बी आमचे, पीक आमचे' हा या वाटणीमागचा युक्तिवाद. शेतकऱ्यांच्या मुलखात ही उपमा सहज सुचते आणि म्हणूनच ती निरुत्तर करते. लीला दुबे यांनी १९८६ साली बीज आणि भूमी या प्रतीकांवर जो निबंध लिहिला त्यात या उपमेची चांगलीच झडती घेतलेली आहे. पुरुष बीज देतो, स्त्री केवळ भूमी. म्हणून अपत्य बीज देणाऱ्याचे, आणि भूमीवर हक्क सांगणाराही तोच. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर यावर चक्क वाद घातलेला आहे. बीज एकाचे आणि शेत दुसऱ्याचे असेल तर पीक कोणाचे? उत्तर मिळते की आधी करार झालेला नसेल तर शेताच्या धन्याचे. हा वाद वाचताना एक गोष्ट खटकायला हवी, ती ही की वादी आणि प्रतिवादी दोघेही पुरुष आहेत. नऊ महिने जिने ते वाढवले त्या शेताला या खटल्यात पक्षकार म्हणूनसुद्धा उभे केलेले नाही.

हे प्राचीन झाले, असे म्हणून सुटका होत नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काढून पाहावा. त्याच्या सहाव्या कलमात औरस मुलाचा आणि अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक कोण, याचे उत्तर 'पिता आणि त्याच्यानंतर माता' असे आहे. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे पुढे एक परंतुक जोडले आहे. म्हणजे दूध, गोवर, ताप आणि रात्रीची रडारड यांपुरती आई. शाळेच्या दाखल्यावर सही करायची वेळ आली की बाप. गीता हरिहरन या इंग्रजीतल्या कादंबरीकार. त्यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले. पालक म्हणून आई सही करील, असे नवरा-बायकोने मिळून कळवले होते. तरी बँकेने बापाची सही मागितली, नाहीतर आईने पालकत्वाचा कोर्टाचा दाखला आणावा असे सांगितले. ज्या महाराष्ट्रात 'श्यामची आई' वाचून पिढ्यान् पिढ्या रडल्या, त्याच महाराष्ट्राच्या राजधानीत मुख्यालय असलेल्या बँकेला आईची सही चालली नाही! आपले मातृप्रेम वाङ्मयीन आहे. व्यवहारात त्याची पत शून्य.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वंदना शिवा यांची याचिकाही त्याच्यासोबत ऐकली गेली. त्यांच्या बाबतीत तर घटस्फोटाच्या खटल्यात मुलावरच्या हक्काचा वाद उभा होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' एवढाच न घेता 'त्याच्या अनुपस्थितीत' असा घेतला. बाप मुलाकडे ढुंकून पाहत नसेल, किंवा आपसांत तसे ठरले असेल, तर तीही अनुपस्थितीच. भाषेच्या शिक्षकाला आनंद व्हावा असा हा निकाल. एका शब्दयोगी अव्ययाचा अर्थ ताणून न्याय साधला गेला. पण आनंद अर्धाच, कारण कलमाचा मजकूर आजही तोच आहे. आईला जे मिळाले ते अर्थविस्ताराने मिळाले, आणि बापाला जे आहे ते शब्दाने आहे.

पितृत्वाच्या प्रश्नात मात्र कायदा निराळी वाट चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ११२ वे कलम (आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ वे) सांगते की विवाह अस्तित्वात असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच. पती-पत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती असे सिद्ध झाले तरच अपवाद. यात शेताच्या धन्याचा तो जुना न्याय डोकावतो, हे खरे. पण त्याच कलमाने असंख्य मुलांना 'तू कोणाचा' या प्रश्नापासून वाचवलेही आहे. डीएनए चाचणी आल्यावर संशयी नवऱ्यांना नवे हत्यार मिळाले. पुण्यातल्या एका दांपत्याच्या खटल्यात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाचे रक्त सरसकट तपासता येणार नाही. मूल त्या खटल्यात पक्षकार नसते, आणि आपल्या औरसपणावर असा ऊठसूट प्रश्न उभा राहू नये हा त्याचा हक्क आहे. येथे प्रथमच कोणीतरी मुलाच्या बाजूने पाहिले, असे मला वाटते. पितृत्वाच्या बाबतीत जी समज न्यायालयाला सुचते ती ताब्याच्या बाबतीत का मावळते?

ती मावळते वहिवाटीमुळे. जमिनीच्या दाव्यांत मुरलेल्या माणसाला वहिवाट काय ते सांगावे लागत नाही; कब्जा टिकवून धरला की काळ आपोआप साक्ष देतो. मुलाच्या दाव्यातही हेच घडते. अज्ञानाचे हित सर्वोपरी, हे तत्त्व कायद्याच्या तेराव्या कलमात आहे आणि ते निर्विवाद चांगले आहे. पण हिताचा विचार करताना मूल ज्या घरात रुळले आहे तेथून ते उपटू नये, हेही न्यायालय पाहते. परिणामी ज्याने ते आधी उचलले आणि तारखा लांबवल्या त्याचे घर हेच मुलाचे 'रुळलेले घर' ठरते. तीन वर्षांचे मूल निकालाच्या दिवशी सात-आठ वर्षांचे असते. मग न्यायाधीश त्याला आत बोलावून विचारतात, आणि ते पढवलेले उत्तर देते. देणार नाही तर काय करील? संध्याकाळी त्याला त्याच घरी जायचे असते.

आमच्याकडे यात सीमेची भर पडते. गडहिंग्लज-चंदगडच्या पुष्कळ सुनांचे माहेर बेळगाव जिल्ह्यात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल सामान्यतः जेथे राहते तेथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. मूल माहेरी गेले की दावा कर्नाटकात, सासरी राहिले की कोल्हापूर जिल्ह्यात. एसटीच्या दोन गाड्या बदलून, रोजगार बुडवून, कडेवर धाकटे घेऊन एक बाई किती तारखांना हजर राहील? अपिलासाठी मुंबई गाठायची पाळी तरी ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे टळली आहे. तेवढाच दिलासा.

आता दुसरी बाजू, कारण माहेरही काही मायेचे आगर नसते. ज्या मामांनी बहिणीला 'परत जा' म्हणून चार वेळा पिटाळले, तेच मामा भेटीच्या दिवशी मुलाला पाव्हण्यांकडे पाठवून देतात आणि बाप खाऊचा पुडा घेऊन उंबऱ्याबाहेर ताटकळतो. हा नीचपणा आहे, आणि स्त्रीच्या दुःखाचे कारण सांगून तो धुतला जात नाही. मुळात 'भेट' हा शब्दच चमत्कारिक. भेटायला पाहुणा येतो. बाप महिन्यातल्या दोन शनिवारी तासभर पाहुणा कसा होईल? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले की ज्याच्याकडे मूल नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे तरी त्याच्याशी बोलता आले पाहिजे. फोन खिशाखिशात असताना हे अवघड नाही. अवघड आहे ते तो फोन मुलाच्या हातात देणे.

संयुक्त ताब्याचा आग्रह आता जोर धरतो आहे. विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालाने २०१५ साली त्याची शिफारस केली. मला तो विचार तत्त्वतः मान्य आहे, पण नवरा पुण्यात, बायको दोन चौक पलीकडे आणि मधे रिक्षा, असे गृहीत धरून तो मांडला जातो. नेसरी आणि खानापूर यांच्यात मूल आठवड्याला कसे वाटणार? त्याची शाळा कोणत्या भाषेत? आधी पालकत्व समान करावे, मुक्काम नंतर ठरवावेत.

आपल्या साहित्याने यात काय केले, हेही पाहिले पाहिजे. 'उंबरठा' या १९८२ च्या चित्रपटात घर सोडून गेलेल्या सुलभाची मुलगी जावेकडे रुळते, आणि आपण हळहळतो ते सुलभासाठी. ती मुलगी आईविना कशी वाढली, हे विचारायला आपल्याला सुचत नाही. राजन गवसांच्या 'चौंडकं'मुळे देवदासीचे जगणे आमच्या दारात आले. तिच्या लेकरांचा विचार शाहू छत्रपतींच्या कोल्हापूर संस्थानाने मात्र शंभर वर्षांपूर्वी केला होता. घटस्फोटाचा कायदा १९१९ चा, आणि जोगतिणी-देवदासींच्या संततीच्या हक्कांविषयीचा १९२० चा. त्या भूमीत आज लेकरांची वाटणी भांड्यांच्या यादीखाली होते!

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचे, मग बापाचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. नावात आई आली, सहीत यायची आहे. विधी आयोगाने त्याच २०१५ च्या अहवालात आई-बाप दोघांनाही एकाच वेळी नैसर्गिक पालक मानण्याची शिफारस केलेली आहे. त्यासाठी सहाव्या कलमातून मुख्यतः 'त्याच्यानंतर' एवढेच खोडायचे आहे. अहवाल सादर होऊन दहा वर्षे उलटून गेली.