भाषाविचार : फ्रेंचांतील एक इवलासा शब्द

आमची एक नात शिक्षणासाठीं फ्रान्समध्यें असते. तेथें रेल्वे-स्टेशनांत बांकावर बसली असतां तिची बॅग चोरीस गेली. 'मीं चोरास स्टेशनांतून बाहेर पडतांना पाहिलें' अशी फिर्याद तिनें स्वतःच फ्रेंचांत लिहून नेली. ती वाचून अंमलदार म्हणाला, "बॅग टाकून आपण बाहेर कशास निघालां होतां?" पोर गोंधळली! सारा घोटाळा 'आँ' ह्या शब्दाचा होता.

फ्रेंचांतील वर्तमानकालवाचक धातुसाधित बनविणें सोपें आहे. वर्तमानकाळाचें 'आम्ही'चें रूप घेऊन त्याच्या शेवटच्या 'ओं'च्या जागीं 'आं' आणावा. 'नू सॉर्तों', म्हणजे आम्ही बाहेर पडतों, त्यावरून 'सॉर्तां'. 'नू फिनिसों'वरून 'फिनिसां'. नियमाबाहेर तीनच धातु आहेत : असणें, जवळ असणें आणि जाणणें. त्यांचीं 'एतां', 'एयां', 'साशां' हीं रूपें पाठच करावीं.

अडचण पुढें आहे. आपल्या 'पडतांना'चा कर्ता कोण, हें मराठी वाक्य सांगत नाहीं. ऐकणारा तें प्रसंगावरून ताडतो. फ्रेंचांत ती मोकळीक नाहीं. ह्या रूपामागें 'आँ' लावला कीं मुख्य क्रियापदाचा जो कर्ता, तोच ह्याही क्रियेचा. 'झे व्ह्यू ल व्होलर आँ सॉर्तां द ला गार' ह्या वाक्यांत बाहेर पडते ती आमची नात! 'आँ' गाळला असता, तर चोर बाहेर पडला असता. 'मी घरीं जातांना पाऊस आला' हें वाक्यही 'आँ' लावून सांगूं गेल्यास पाऊसच घरीं निघतो.

मराठी विद्यार्थ्यांची आणखी एक खोड म्हणजे 'मी लिहीत आहें' ह्याचें शब्दशः 'झ स्वी एक्रिव्हां' करणें. फ्रेंच मनुष्य नुसतें 'झेक्री' म्हणतो. लिंगवचनाची धास्ती मात्र नको. क्रिया दाखविणारें हें रूप बदलूं नये, असें फ्रेंच अकादमीनें १६७९ सालींच ठरविलें आहे. चोर एक असो वा दहा, 'सॉर्तां' तें 'सॉर्तां'च. तेंच रूप निव्वळ विशेषण झालें, तर मात्र विशेष्याप्रमाणें बदलतें.

नातीनें दुसऱ्या दिवशीं 'जो बाहेर पडत होता तो चोर' अशी सरळ रचना करून फिर्याद नव्यानें दिली. अंमलदारानें ती निमूटपणें नोंदवून घेतली. बॅग अद्याप मिळालेली नाहीं.