'येतो' म्हणजे 'जातो'

आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणतात. 'जातो' म्हटलं की घरातलं मोठं माणूस हमखास टोकतं. आमच्या मुरब्यात तर पाठीला बॅग लावून बोईसरच्या रिक्षात बसलेल्यालाही विचारतील, "काय, निघालास?" विचारणाऱ्याला माहिती नकोच असते. होस्टेलवरचं "जेवलास का?" हेही तसलंच. पण ज्याला प्रश्न म्हणजे खरोखरच प्रश्न वाटतो, त्यानं काय करायचं?

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. (कॉन्व्हेंटवाल्यांनी मराठी शब्दांना नावं ठेवावीत हे जरा अतीच, पण मूळ इंग्रजी शब्दातही ग्रीक 'स्व'च लपलाय.) तो स्वतःत मग्न, म्हणून बोलणं जमत नाही, असा निकाल या शब्दानं आधीच लावून टाकलाय.

आमच्या आळीतला एक मुलगा ऑटिस्टिक आहे. "काय मग, कसं काय?" विचारलं तर गप्प. "उद्या भरती किती वाजता?" विचारा, मिनिटासकट उत्तर! भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तो हिशोब त्याला पाठ. सगळेच असे नसतात हं. १९८८ च्या 'रेन मॅन'पासून प्रत्येक ऑटिस्टिक माणूस आकड्यांचा जादूगार असतो असं लोकांना वाटतं, ते खोटं आहे. कित्येकांना तोंडानं बोलताच येत नाही. मुद्दा एवढाच, की दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होतं, पहिल्याला नव्हतंच.

स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी ते तपासलं. कानगोष्टींसारखा खेळ, आठ-आठ जणांची साखळी, एक गोष्ट पुढे सांगत जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. जास्त गळाली ती मिश्र साखळीत. दोन सिरियल पोर्टांचा बॉड रेट जुळला नाही तर स्क्रीनवर कचरा येतो, तेव्हा आपण एकाच पोर्टाला बिघडलेला ठरवतो का?

वायवात मात्र नेमकं तेच होतं. नजरेला नजर नाही, म्हणजे 'कॉन्फिडन्स नाही', कापा मार्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि परीक्षेत जादा वेळेसारखे बदल करायलाही तो कायदा सांगतो. मग सर, मॅडम, वायवाचे प्रश्न तोंडी विचारतानाच छापूनही द्या ना. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला अर्धा मिनिट थांबा. खर्च काय, तर एका झेरॉक्सचा.

आणि रूमवाल्यांनो, मेसला यायचं नसेल तर "बघू रे" म्हणू नका. "नाही येत" म्हणा. तुमच्या 'बघू'वर विसंबून कुणीतरी साडेआठपर्यंत ताट धरून थांबलेलं असतं.