विद्यावेतन ही खैरात नव्हे!

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातातली सुरी सर्वांना दिसते. पण रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळणारा भूलतज्ज्ञ कोणाच्या लक्षात राहत नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयांत ही जबाबदारी बहुतेक वेळा निवासी डॉक्टरच्या खांद्यावर असते. सकाळी सर्वांच्या आधी येऊन यंत्र तपासायचे, दिवसभराची शस्त्रक्रियांची यादी संपवायची, उद्याच्या रुग्णांची तपासणी करायची. रात्री प्रसूती कक्षातून सिझरसाठी बोलावणे आले की धावायचे. तिथून अतिदक्षता विभागात कोणाच्या तरी श्वासनलिकेत नळी घालायला जायचे. इतर विभागांत झोपेअभावी झालेली चूक कधी सुधारता येते. भूल देणाऱ्याला डुलकी लागली, तर रुग्णाचा मेंदू काही मिनिटांत प्राणवायूविना निकामी होतो.

या श्रमाचा मोबदला मागितला की उत्तर मिळते, ‘तुम्ही विद्यार्थी आहात.’ आणि सलग ड्युटीबद्दल तक्रार केली की सांगितले जाते, ‘रुग्णसेवा आहे, करावीच लागेल.’ म्हणजे कामाच्या वेळी नोकर आणि पगाराच्या वेळी विद्यार्थी! फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांना वेळेवर विद्यावेतन, त्यात वाढ आणि राहण्याजोगी वसतिगृहे या मागण्यांसाठी संपावर जावे लागले. तेव्हा कुठे मंत्रिमंडळाने दरमहा १० हजार रुपयांची वाढ मंजूर केली. संपाशिवाय सरकारला जाग येत नाही, हा धडा सरकारनेच दिलेला आहे.

खासगी महाविद्यालयांचे दुखणे याहून जुनाट आहे. विद्यावेतन कागदावर द्यायचे, खात्यात जमा दाखवायचे आणि वेगळ्या नावाने परत घ्यायचे, अशा तक्रारी देशभरातून वर्षानुवर्षे येत आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला विद्यावेतनाची माहितीच न देणाऱ्या अनेक महाविद्यालयांना कारणे दाखवा नोटिसा काढाव्या लागल्या. विद्यार्थी तक्रार का करत नाही? कारण प्रबंधावर सही त्याच विभागाची आणि प्रात्यक्षिक परीक्षेत समोर बसणारेही तेच!

आंबेडकरी चळवळीतील काही वाचक विचारतील, यांच्या पगाराची काळजी आपण का करावी? प्रश्न रास्त आहे. २००६ साली हाच वर्ग आरक्षणाविरोधात रस्त्यावर उतरला होता. हातात झाडू घेऊन, बूट पॉलिश करून त्यांनी आपल्या बापजाद्यांच्या श्रमाची टिंगल केली होती. ते आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच वसतिगृहांत आज आपलीही मुले आहेत. ज्याच्या घरी दवाखाना आणि बंगला आहे, त्याचे विद्यावेतन तीन महिने थकले तर त्याचे काही अडत नाही. ज्याच्या विद्यावेतनातून गावाकडच्या आईचे औषध आणि बहिणीची फी जाते, त्याची चूल बंद पडते. थकलेल्या विद्यावेतनाचा घाव सर्वांना सारखा बसत नाही.

जळगावची आदिवासी कन्या डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत आपल्यातून गेली. तिच्या जातीय छळाच्या आरोपांचा खटला उभा राहिला. रात्रंदिवस राबवणारी, वरिष्ठांच्या मर्जीवर चालणारी आणि दाद मागायला जागा नसलेली व्यवस्था जातीयवाद्याच्या हाती आयता आसूड देते. म्हणून कामाचे तास, हक्काची रजा आणि वेळेवर मिळणारे विद्यावेतन हा आमच्यासाठी निव्वळ पैशाचा प्रश्न नाही, तो स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेतही सलग ड्युटी साधारणपणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावी, असे लिहिलेले आहे. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. गिरणी कामगाराला १९४६ मध्ये जे मिळाले, ते डॉक्टरला आजही मिळत नाही! १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. आज बाळंतपणाची रजा मागणाऱ्या महिला डॉक्टरला विभागात अपराध्यासारखी वागणूक का मिळावी?

हा प्रश्न नाशिकचा आहे. राज्यभरातील या डॉक्टरांना पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात उभे आहे. आणि याच जिल्ह्यातील सुरगाणा, पेठच्या आदिवासी पाड्यांवरच्या अडलेल्या बाईला ‘भूलतज्ज्ञ नाही, नाशिकला न्या’ हे वाक्य ऐकावे लागते. घाटातल्या त्या प्रवासात कोणाचा जीव पणाला लागतो, हे सांगायला नको. भूलतज्ज्ञ घडवताना त्याला पिळून काढायचे आणि मग तो खेड्यात का येत नाही म्हणून बोटे मोडायची, हा दांभिकपणा आहे.

विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयाकडून दरमहा विद्यावेतनाचा बँक पुरावा घ्यावा आणि तो जाहीर करावा. परत वसुली सिद्ध झाल्यास त्या महाविद्यालयाच्या जागा कमी कराव्यात. २०२३ च्या नियमावलीतील साप्ताहिक सुटी आणि वर्षाची २० दिवसांची पगारी रजा प्रत्यक्षात द्यावी. तक्रार विभागप्रमुखाकडे न जाता थेट विद्यापीठाकडे जावी, आणि ती ऐकणाऱ्या समितीत अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य असावेत.

निवासी डॉक्टरांच्या संघटनांनाही एक सांगणे आहे. तुमच्या विद्यावेतनाच्या लढ्यात आम्ही बरोबर आहोत. पण वसतिगृहात ‘कोट्यातला’ म्हणून हिणवणारा तुमच्यातलाच असेल, तेव्हा तुम्हीही आमच्या बरोबर उभे राहा. आणि थिएटर पुसणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराचा थकलेला पगार आपल्या मागणीपत्रात लिहा. ज्या दिवशी हे घडेल, त्या दिवशी २००६ चा झाडू तुमच्या हातून खऱ्या अर्थाने खाली पडेल.