दोन तासांत येतोच!

एअरपोर्टच्या बोर्डवर ‘ऑन टाइम’ जाऊन ‘डिलेड’ आलं की पोटात जो गोळा येतो ना, तो ज्यांनी अनुभवलाय त्यांच्यासाठी आजचा कॉलम. ऑनसाइटवरून घरी येणारे, मास्टर्स संपवून परतणारे, चार बॅगांत सासर-माहेरची चॉकलेटं कोंबून निघालेले... सगळे या. खुर्ची मिळाली नाही तर चार्जिंग पॉइंटजवळची फरशी पकडा, ती जास्त मोलाची!

फ्लाइट लेट झाली की काय करायचं याच्या टिप्स तुम्हाला ढिगानं आल्या असतील. पॉवर बँक ठेवा, हॅंडबॅगेत एक जादा टीशर्ट टाका, वगैरे. सगळं बरोबर. पण या टिप्स देणाऱ्यांचं घर बहुतेक एअरपोर्टपासून टॅक्सीच्या अंतरावर असतं. आमचं सोलापूर आहे. मुंबईत उतरलं तरी चारशे किलोमीटर उरतात, आणि ते चारशे किलोमीटर कुठल्याच एअरलाइनच्या हिशेबात नसतात.

माझी गोष्ट काही वर्षांपूर्वीची. चौदा महिने न्यूजर्सीत होतो. जानेवारीत मॅनेजरच्या हातापाया पडून सुट्टी मिळवली ती फक्त गड्ड्यासाठी. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी : गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच ध्वज तोलत नेतात, आणि भोगीच्या दिवशी दुपारी संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. माझे आजोबा तेव्हा ८४ वर्षांचे. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी अक्षता टाकल्यात. फोनवर म्हणाले होते, ‘‘गुडघे ऐकत नाहीत रे आता. तू आलास तर यंदा जाऊ. नाहीतर टीव्हीवर बघू.’’

प्लॅन एकदम फूलप्रूफ होता (असं मला वाटत होतं). आखातातल्या एका एअरपोर्टवर विमान बदलायचं, भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी अडीचला मुंबईत उतरायचं, निवांत वडापाव खायचा, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी सोलापूर. मध्ये आठ तासांची सोय! मी स्वतःवर जाम खूश.

न्यूजर्सीत बर्फ पडला. पंखांवरचा बर्फ काढता काढता पाच तास गेले. आखातात पोचलो तर पुढचं विमान केव्हाच उडालेलं. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून रात्री दहाच्या विमानात बसवलं. म्हटलं, ठीक आहे, सिद्धेश्वर गेली, पण पहाटे तीनला मुंबई, टॅक्सी करून अकरापर्यंत घर. घरी फोन केला. अप्पा म्हणाले, ‘‘बरं बरं, ये सावकाश. आजोबांना सांगतो.’’

आणि मग बोर्ड सुरू झाला. दहाचे बारा. बाराचे दोन. दोनाचे ‘पुढील सूचनेपर्यंत’. मित्रांनो, सलग बारा तास उशीर आहे असं कुणी सांगितलं तर माणूस झोपतो तरी. दोन-दोन तासांच्या हप्त्यांनी दिला की धड झोपता येत नाही आणि गेटपासून हलताही येत नाही.

त्या गेटवर मला सोलापूर भेटलं! खरंच. कोपऱ्यात एका काकूंनी बॅगेतून चादर काढून फरशीवर अंथरली, आणि लांबूनच ओळखलं, ही आपली. काका-काकू बार्शीकडचे, मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने गेलेले, आता परतत होते. पाचच मिनिटांत मी चादरीवर होतो आणि हातात कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगा चटणी. (मुलीकडे नेलेल्यातली उरली ती परत आणत होत्या. कडक भाकरी किती टिकते यावर कुणीतरी पीएचडी करावी.)

काका घोरायला लागले. मी मात्र दर अर्ध्या तासानं घरी मेसेज टाकत होतो. ‘थोडंच लेट आहे.’ ‘दोन तासांत सुटतंय.’ काकू बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘मी नाही बाई कळवत. मुलाला सांगून ठेवलंय, कुर्डुवाडी आली की फोन करते, तवर घरातनं हलू नको.’’

‘‘पण काळजी करत असतील ना?’’

‘‘काळजी करतीलच की. पण जेवून करतील, झोपून करतील. तुम्ही सारखं येतो येतो म्हणलं तर दाराशी बसून राहतात.’’

मी हसलो. आणि पहाटे, भारतात साडेचार वाजले असताना, बोर्डिंग सुरू होताच अप्पांना टाइप केलं : ‘बसलो विमानात. दुपारपर्यंत पोचतोच.’ हिशेब मला येत नव्हता असं नाही. तीन तासांचं फ्लाइट, इमिग्रेशन, सामान, वर आठ तासांचा रस्ता. संध्याकाळशिवाय शक्यच नव्हतं. पण ‘नाही जमणार’ हे दोन शब्द बोटांतून उतरेनात. मला वाटलं, मी त्यांना धीर देतोय. खरं तर मी स्वतःलाच देत होतो. मग फोनची बॅटरी मेली आणि विमान आणखी पावणेतीन तास जमिनीवरच उभं राहिलं.

अकरा वाजता मुंबईत उतरलो. चार्जिंग मिळताच फोन केला. आईनं उचलला. ‘‘अरे, आजोबा सकाळी सहापासून बाराबंदी घालून बसलेत. शेजारचे कारनं नेत होते आठला. नाही गेले. म्हणाले, पोरगं येतंय दुपारपर्यंत, त्याच्याबरोबर जातो.’’ आता मिरवणुकीमुळं रस्ते बंद झाले होते, आणि जुळे सोलापुरातून त्या गर्दीत ८४ वर्षांच्या माणसाला चालवत न्यायची कुणाची हिंमत नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा मी लोणावळ्याच्या आसपास होतो, आणि आजोबा दाराजवळच्या खुर्चीत.

आता थोडं कामाचं बोलू. एअरलाइनशी भांडायचं असेल तर हातात काय असतं? युरोपातून सुटणारं विमान असेल, किंवा युरोपीय एअरलाइननं तुम्ही युरोपात जात असाल, तर २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम सगळ्यात दणकट. तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई. हवामानामुळे उशीर झाला तर ती रक्कम नाही, पण जेवण आणि रात्रीचा मुक्काम तरीही द्यावा लागतो. आपल्या डीजीसीएच्या नियमांत २४ तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लेट, अशा वेळी हॉटेलची तरतूद आहे. आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहेच. भारतात तो २००९ पासून लागू आहे. त्यात उशिरानं झालेला खरा खर्च मागता येतो, पण पावत्या लागतात, आणि शक्य ते सगळं केलं होतं असं एअरलाइननं दाखवलं तर ती सुटते. म्हणून जेवणाचं बिल, टॅक्सीचं बिल, सगळं जपून ठेवा. उशिराचं कारण काउंटरवरून लेखी मागा. तोंडी कारण दर तासाला बदलतं.

सगळी विमानं एकाच तिकिटावर घ्या. दोन हजार वाचवायला वेगवेगळी घेतलीत तर पहिलं लेट झाल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. सोलापूरच्या विमानाचंही तेच. साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पडली, १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ऑफिसातल्या मित्रानं विचारलं, ‘‘आता काय टेन्शन बे तुला?’’ अरे बाबा, परदेशातलं विमान लेट झालं की ते वेगळं तिकीटही सिद्धेश्वरच्या बर्थसारखंच वाया!

हॉटेल मिळतंय म्हणून लगेच खूशही होऊ नका. आपल्या पासपोर्टवर त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर हॉटेल समोर दिसतं आणि तुम्ही काचेच्या आत. २ एप्रिल २०२५ ला लंडनहून मुंबईला निघालेलं एक विमान प्रवाशाच्या तब्येतीमुळे तुर्कस्तानात दियारबाकिरला उतरवलं, मग त्यातच बिघाड निघाला. लोक चाळीस तासांच्या आसपास अडकले, लहान मुलं, म्हातारी माणसं सगळी. त्यांच्या घरच्यांनी ते चाळीस तास कसे काढले असतील, हे त्या दाराजवळच्या खुर्चीमुळे मला चांगलं कळतं.

रात्री साडेआठला घरी पोचलो. बाराबंदी घडी करून कॉटवर ठेवलेली. आजोबा जेवले होते, रागावलेलेही नव्हते. ते जास्त टोचलं. ‘‘विमान काय तुझ्या हातात असतंय होय,’’ म्हणाले. विमान नव्हतं, पण मेसेज माझ्याच हातात होता. ते काही मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना होम मैदानावर नेलं, गड्ड्यातल्या स्टॉलवर आम्ही भजी खाल्ली. झोपताना त्यांना चादरवाल्या काकूंची गोष्ट सांगितली. खूप हसले.

पुढच्या वर्षी चार दिवस आधीचं तिकीट काढलं. मुंबईत विमान वेळेवर उतरलं (उतरणारच, घाई नव्हती ना!). गाडीत बसल्यावर घरी फोन लावला, आजोबांनीच उचलला.

‘‘कुठं आहेस बे?’’

‘‘कल्याण गेलं आत्ताच. सकाळी...’’

‘‘कुर्डुवाडी आली की बोल,’’ म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.