खर्जातले अनाम वादक

बेस गिटार हे चार जाड तारांचे, खर्जात बोलणारे वाद्य असून ड्रमच्या ठेक्याशी त्याची सांगड बसली की श्रोत्याची मान आपोआप डोलू लागते; लयीच्या या पकडीला ‘ग्रूव्ह’ म्हणतात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसन याने ही पकड उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने साधली, आणि तार तुटल्याखेरीज बदलायची नाही हा त्याचा हट्ट (विक्षिप्त खरा, पण त्या गोलसर, दबक्या नादात त्याचा वाटा मोठा) कायम राहिला. गाणी जगभर गाजली, तरी वादकांची नावे मोटाउनने १९७१ पर्यंत ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर सहसा छापली नाहीत. बोटांच्या कसरतीलाच दाद देणाऱ्या समीक्षेनेही अशांची उपेक्षा केली, हे अन्यायाचेच. वाचकांनी मोटाउनचा गायक मार्विन गे याचे, जेमरसनने बेस वाजवलेले ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणे एकदा केवळ बेसकडे कान देऊन ऐकावे.