समजून घ्या : परिवीक्षा संपली, पण ‘कायम’ कधी?

सरकारी नोकरीचे नियुक्तिपत्र हातात पडले की घरात पेढे वाटले जातात. मात्र त्या पत्रातील एक ओळ अनेकजण घाईत वाचतात : ‘सदर नियुक्ती परिवीक्षाधीन आहे.’ पुढची काही वर्षे नोकरीतील बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी या एका ओळीवर अवलंबून असतात.

परिवीक्षा कशासाठी?

स्पर्धा परीक्षेत गुण मिळवणे वेगळे आणि टेबलावर बसून काम निभावणे वेगळे. उमेदवाराचे काम, वर्तन आणि सचोटी पारखण्यासाठी हा काळ असतो. केंद्र सरकारच्या बहुतांश पदांवर थेट भरतीसाठी तो साधारण २ वर्षांचा आहे. गरज पडल्यास तो वाढवता येतो, पण कोणत्याही परिस्थितीत मूळ कालावधीच्या दुपटीपेक्षा जास्त नाही, असे केंद्राच्या सूचना सांगतात.

या काळात काढून टाकता येते का?

येते. काम समाधानकारक नसेल तर सेवा थांबवता येते. पण त्यालाही मर्यादा आहे. वरकरणी साधा दिसणारा आदेश प्रत्यक्षात गैरवर्तनाची शिक्षा असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण मिळते. म्हणजेच चौकशी करून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये शमशेर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केले.

मग अडचण कुठे?

अडचण कालावधी संपल्यानंतर सुरू होते. ६ ते ८ आठवड्यांत निर्णय घेऊन तो लेखी कळवावा, अशी केंद्राची सूचना आहे. पण त्याच सूचनांनुसार परिवीक्षा संपली म्हणून कर्मचारी आपोआप कायम होत नाही. तसा आदेश निघेपर्यंत तो परिवीक्षेवरच असल्याचे मानले जाते. गोपनीय अहवाल वेळेत लिहिला गेला नाही किंवा आस्थापना शाखेत फाइल पडून राहिली, तर चूक कार्यालयाची असते आणि टांगती तलवार मात्र कर्मचाऱ्याच्या डोक्यावर राहते.

नोकरी बदलताना फटका

राज्यातील कितीतरी तरुण एक नोकरी करत असतानाच वरच्या पदाची परीक्षा देतात. रीतसर कार्यालयामार्फत अर्ज करून निवड झाली, तर ‘तांत्रिक राजीनामा’ देता येतो. त्यामुळे आधीची सेवा वाया जात नाही, शिल्लक रजाही पुढे नेता येते. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला जुन्या पदावर धारणाधिकार, म्हणजे लिअन, मिळतो. नवे पद जमले नाही तर साधारण २ वर्षांत, अपवादात्मक स्थितीत ३ वर्षांत, तो परत येऊ शकतो. कायमपणाचा आदेशच निघाला नसेल, तर परतीची ही वाट बंद होते. म्हणजे रखडलेली एक फाइल थेट माणसाच्या पुढच्या निर्णयात आडवी येते.

उपाय घरातच आहे

महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. कायम रिक्त पदावर नेमलेल्या कर्मचाऱ्याने २ वर्षांची परिवीक्षा पूर्ण केली आणि त्याआधी त्याची सेवा संपवली गेली नाही, तर तो कायम झाल्याचे मानले जाते. शिक्षण सेवकांसाठी हीच मुदत ३ वर्षांची आहे. खासगी संस्थाचालकांना जो नियम सरकारने घालून दिला, तोच स्वतःच्या कार्यालयांना लावायला हरकत काय? कामात कुचराई करणाऱ्याला २ वर्षांत जरूर घरी पाठवावे, नाहीतर कारण देऊन मुदत वाढवावी. पण निर्णयच न घेण्याची मुभा कोणालाही नसावी.

तोवर काय करावे?

परिवीक्षेत असलेल्यांनी नियुक्तिपत्रातील अटी नीट वाचाव्यात. विभागीय परीक्षा आणि प्रशिक्षण मुदतीत पूर्ण करावे. सेवापुस्तकातील नोंदी पाहाव्यात. कालावधी संपताच कायमपणासाठी लेखी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी. दुसरीकडे अर्ज करताना कार्यालयाची परवानगी आधीच घ्यावी. नुसता राजीनामा देऊन बाहेर पडल्यास आधीची सेवा हातची जाऊ शकते.

परीक्षा उमेदवाराची असते, हे मान्य. पण निकाल वेळेवर लावणे ही परीक्षकाचीही जबाबदारी आहे.